औषधांचा तुटवडा आणि शासन-उद्योग सहकार्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात औषध मिळाले नाही, म्हणजे तुटवडा आहे असे समजायचे का?

प्रत्येक वेळी नाही. डॉक्टरांनी लिहिलेला विशिष्ट ब्रँड संपलेला असतो, पण तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने शेजारच्या फडताळात असते. हा तुटवडा नव्हे, तर वितरणातील खंड आहे. दुसऱ्या प्रकारात ते मूळ औषधच कोणत्याही नावाने बाजारात येत नाही. तिसरा प्रकार महाराष्ट्रातील रुग्णांना सर्वाधिक परिचित आहे: सरकारी रुग्णालयाच्या औषध भांडारात गोळी नसते, हातावर "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी ठेवली जाते आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात ती गोळी हवी तेवढी मिळते. तिन्ही प्रकारांना वर्तमानपत्रांत "औषध टंचाई" असे एकच नाव मिळत असले, तरी पहिल्याचे उत्तर घाऊक विक्रेत्याकडे, दुसऱ्याचे कारखान्यात आणि तिसऱ्याचे बहुतेक वेळा निविदेच्या फायलीत असते. चुकीच्या ठिकाणी उत्तर शोधण्यात बराच वेळ वाया जातो.

एवढी औषधे बनवणाऱ्या देशात मूळ औषधाचाच तुटवडा कसा होतो?

गोळी भारतात बनते. गोळीतील औषधी द्रव्य अनेकदा भारतात बनत नाही. आयात होणाऱ्या औषधी कच्च्या मालापैकी सुमारे दोन तृतीयांश माल एकट्या चीनमधून येतो आणि काही प्रतिजैविकांच्या बाबतीत हे अवलंबित्व त्याहूनही अधिक आहे.

पेनिसिलिनची गोष्ट या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण तिची सुरुवात पुण्याजवळ झाली. १९५४ साली पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक उद्योग उभा राहिला आणि पेनिसिलिनचे देशांतर्गत उत्पादन सुरू झाले. पुढे खासगी कारखानेही या क्षेत्रात उतरले. मात्र पेनिसिलिन जी हे किण्वनाने, म्हणजे बुरशी वाढवून मिळवायचे द्रव्य आहे. त्यासाठी अखंड वीज, स्वस्त साखर वा ग्लुकोज आणि प्रचंड आकाराच्या टाक्या लागतात. १९९० च्या दशकापासून चीनमधील माल इतक्या कमी भावाने येऊ लागला की येथील किण्वन कारखाने एकामागून एक बंद पडले. अमॉक्सिसिलिन आणि अँपिसिलिन यांसारखी रोजच्या वापरातील औषधे ज्या मध्यवर्ती द्रव्यापासून बनतात, ते पेनिसिलिन जीपासूनच मिळते. त्यामुळे एक द्रव्य हातचे गेले आणि त्याबरोबर औषधांचे एक संपूर्ण कुटुंब परावलंबी झाले. त्या काळात स्वस्त आयातीबद्दल फारशी तक्रार कोणी केली नाही, कारण औषधे स्वस्तच मिळत होती.

हेपारिनचे उदाहरण वेगळे आहे. रक्त गोठू न देणारे हे इंजेक्शन डुकराच्या आतड्यातील अस्तरापासून मिळणाऱ्या द्रव्यापासून बनते. चीनमधून येणाऱ्या या द्रव्याचा भाव चढला आणि येथील इंजेक्शनची कमाल किंमत मात्र ठरलेलीच राहिली. ऐन करोनाच्या काळात, जून २०२० मध्ये, राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाला हेपारिनच्या कमाल किमतीत ५० टक्के वाढ द्यावी लागली.

किंमत नियंत्रणामुळेच तुटवडा होतो, हे उद्योगाचे म्हणणे खरे आहे का?

अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्या भागाकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ नुसार अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांची कमाल किंमत प्राधिकरण ठरवते. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या यादीत ३८४ औषधे आहेत. ज्या ब्रँडांचा बाजारातील वाटा किमान १ टक्का आहे, त्यांच्या किरकोळ विक्रेत्याला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढून तिच्यावर विक्रेत्याची १६ टक्के रक्कम मिळवली जाते. ही पद्धत उत्पादन खर्चाकडे पाहत नाही, बाजारभावाकडे पाहते. त्यानंतरची वार्षिक वाढ घाऊक किंमत निर्देशांकाशी बांधलेली आहे. २०२३ मध्ये ती १२ टक्क्यांहून किंचित अधिक होती आणि २०२४ मध्ये ०.००५५१ टक्के, म्हणजे जवळजवळ शून्य. कच्च्या मालाचा भाव मात्र घाऊक निर्देशांकाला विचारून चढत नाही.

ज्या औषधाचे पेटंट केव्हाच संपले आहे, ज्याची किंमत काही रुपयांत आहे आणि जे लिहून देण्यासाठी कोणताही वैद्यकीय प्रतिनिधी डॉक्टरांच्या दारात उभा राहत नाही, असे औषध सर्वांत आधी मागे पडते. यासाठी आदेशाच्या १९ व्या परिच्छेदात असाधारण परिस्थितीत किंमत बदलण्याचा अधिकार ठेवला आहे. २०१९ मध्ये २१, २०२१ मध्ये ९ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ८ औषधांच्या ११ प्रकारांना या अधिकाराखाली ५० टक्के वाढ मिळाली. २०२४ च्या यादीत विषबाधेवरील अ‍ॅट्रोपिन, क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन, दम्यावरील साल्ब्युटामॉल, काचबिंदूवरील पायलोकार्पिन, मानसोपचारातील लिथियम आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना लागणारे डेस्फेरिऑक्सामिन होते. ही यादी सावकाश वाचावी; यांपैकी एकही औषध ऐषारामाचे नाही.

उरलेला अर्धा भाग असा की, किंमत वाढवून दिली म्हणजे उत्पादन सुरू होतेच असे नाही. वाढ घेणाऱ्या कंपनीने किती माल, किती महिने पुरवायचा याची बांधिलकी त्याच आदेशात लिहिली गेली पाहिजे, असे या लेखकाचे मत आहे. सहकार्यात देणे आणि घेणे एकाच कागदावर असावे.

औषध बंद करण्यापूर्वी कंपनीने सरकारला कळवणे बंधनकारक आहे का?

होय. २०१३ च्या आदेशातील २१ व्या परिच्छेदानुसार, यादीतील औषधाचे उत्पादन बंद करू इच्छिणाऱ्या कंपनीने जाहीर सूचना द्यावी लागते आणि ठरवलेल्या तारखेच्या किमान सहा महिने आधी सरकारला कळवावे लागते. सरकारला लोकहितासाठी एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवण्याचा आदेश देता येतो. याखेरीज उत्पादन आणि विक्रीची तिमाही माहितीही द्यावी लागते.

कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. तिच्यातील फट "बंद" या शब्दात आहे. कंपनी औषध बंद करत नाही. ती आधी बारा महिन्यांऐवजी चार महिने यंत्र चालवते, नंतर दोन महिने, आणि मग त्या यंत्रावर अधिक नफ्याचे दुसरे औषध घेते. परवाना जिवंत राहतो, सूचना देण्याची वेळ कधी येत नाही आणि रुग्णाला मात्र गोळी मिळेनाशी होते. कारखान्यातील उत्पादन नियोजन पाहणाऱ्या माणसाला ही घट कित्येक महिने आधी ठाऊक असते, तर शासनाला ती जिल्हा रुग्णालयातून ओरड झाल्यावर कळते. शासन आणि उद्योग यांच्या सहकार्याविषयी जे काही बोलले जाते, त्याचा खरा कस या मधल्या काही महिन्यांत लागतो. घट ठरावीक प्रमाणापलीकडे गेली की कळवणे बंधनकारक केले आणि लवकर कळवणाऱ्याला शिक्षेऐवजी मदत मिळाली, तर ही फट बरीच बुजेल. कच्चा माल मिळत नाही असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या कंपनीच्या हाती पहिल्यांदा नोटीस पडणार असेल, तर पुढच्या वेळी ती गप्प राहील.

शासन कंपन्यांना उत्पादन वाढवायला भाग पाडू शकते का?

त्याच आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार, आणीबाणीच्या वा तातडीच्या परिस्थितीत उत्पादन वाढवण्याचा, कच्चा माल दुसऱ्या उत्पादकाला विकण्याचा आणि तयार औषध ठरावीक रुग्णालयांना वा संस्थांना देण्याचा आदेश सरकार काढू शकते. पण आदेश काढल्याने टाकीत द्रव्य तयार होत नाही. करोनाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या रेमडेसिविर या इंजेक्शनचा २०२१ मधील अनुभव येथे उपयोगी पडतो.

त्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातील शहरांत रुग्णांचे नातेवाईक एका कुपीसाठी रात्रभर रांगेत उभे होते. सात भारतीय उत्पादकांकडे मूळ कंपनीचा परवाना होता. त्यांची एकत्रित क्षमता महिन्याला सुमारे ३८.८ लाख कुप्यांची होती. आधीच्या महिन्यांत रुग्णसंख्या घटल्यामुळे मागणी आटली होती आणि प्रत्यक्ष उत्पादन खाली आले होते. ११ एप्रिल रोजी निर्यातबंदी झाली. त्याच आठवड्यात कंपन्यांनी कुपीची किंमत स्वेच्छेने ३,५०० रुपयांच्या आत आणली, नव्या उत्पादन स्थळांना औषध नियंत्रकांनी झपाट्याने मंजुरी दिली आणि त्यानंतर राज्यनिहाय वाटप केंद्राने आपल्या हाती घेतले. केंद्र सरकारने मे महिन्याच्या अखेरीस दिलेल्या माहितीनुसार, दैनंदिन उत्पादन ११ एप्रिलच्या ३३ हजार कुप्यांवरून साडेतीन लाखांवर पोहोचले होते आणि कारखाने २० वरून ६० झाले होते. त्यानंतर केंद्रीय वाटप थांबवून ५० लाख कुप्यांचा राखीव साठा करण्याचे ठरले.

उत्पादन दहापट झाले, हे सहकार्याचे यश निःसंशय आहे. पण ते लाट ओसरू लागल्यावर पूर्णत्वास गेले, हेही त्याच आकड्यांतून दिसते. शिवाय एक अप्रिय बाब अशी की, या औषधाने मृत्यू टळतात असा भक्कम पुरावा नसल्याने जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच त्याच्या वापराविरुद्ध सशर्त शिफारस केली होती. म्हणजे तुटवड्याचा एक भाग कारखान्यात नव्हे, तर औषधाच्या चिठ्ठीवर जन्माला आला होता. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या डॉक्टरांना बाहेर ठेवून शासन आणि उद्योग या दोघांनीच पुरवठ्याची बैठक घेतली, तर मागणीचा आकडा तपासणारा कोणी उरत नाही.

स्पर्धक कंपन्या एकत्र बसून साठ्याची माहिती देऊ लागल्या, तर ते संगनमत ठरणार नाही का?

ठरू शकते, आणि ही भीती कंपन्यांचे विधी विभाग वारंवार बोलून दाखवतात. स्पर्धा अधिनियम, २००२ नुसार किंमत वा पुरवठा आपसांत ठरवणे बेकायदा आहे. तथापि, १९ एप्रिल २०२० रोजी स्पर्धा आयोगाने एक सूचनापत्र काढून स्पष्ट केले होते की, करोना काळात पुरवठा अखंड राहावा म्हणून साठ्याची माहिती, वितरण जाळे, वाहतूक यांसारख्या बाबतींत समन्वय करावा लागू शकतो आणि आवश्यक व प्रमाणशीर वर्तनाकडे आयोग त्या दृष्टीने पाहील. सोपा मार्ग असा की, प्रत्येक कंपनीने आपली माहिती केवळ प्राधिकरणाला द्यावी आणि प्राधिकरणाने एकत्रित चित्र तयार करावे. कोणाकडे किती माल आहे हे प्रतिस्पर्ध्याला कळण्याची गरजच नसते.

उलट बाजूने पाहता, औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी नवा स्टॉकिस्ट (घाऊक वितरक) नेमण्यापूर्वी आपले ना-हरकत पत्र घ्यावे असा आग्रह धरल्याबद्दल याच आयोगाने त्यांच्यावर कारवाई केलेली आहे. सहकार्य आणि मक्तेदारी यांतील रेषा बारीक असली, तरी दिसत नाही इतकी बारीक नाही.

सरकारी रुग्णालयांतच औषधे का संपतात?

येथे उद्योग हा पुरवठादार आणि शासन हे गिऱ्हाईक असते, आणि गिऱ्हाईक पैसे उशिरा देते. देयके महिनोन्‌महिने अडकली की चांगले पुरवठादार पुढच्या निविदेत भाग घेत नाहीत. निविदेला प्रतिसाद न मिळाल्याने ती पुन्हा काढावी लागते. तोवर रुग्णालये स्थानिक खरेदीवर तग धरतात, जिथे भाव जास्त आणि प्रमाण कमी असते. सर्वांत कमी दर भरणाऱ्या एकाच पुरवठादाराला संपूर्ण काम दिले असेल, तर त्याचा कारखाना बंद पडताच राज्यभराचा पुरवठा थांबतो.

महाराष्ट्रात २०१७ पासून ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे होती. विलंबाच्या तक्रारी वाढत गेल्यावर २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले. अशा यंत्रणेसाठी डोळ्यांसमोर ठेवला जाणारा नमुना तामिळनाडूचा आहे. तेथील वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक असते, त्यात वार्षिक तरतूद जमा होते आणि जिल्हा गोदामातून माल उचलला की तेवढी रक्कम वजा होते. त्यामुळे कोणते औषध कुठे किती वेगाने संपते हे महामंडळाला कळते आणि साठा तळाला जाण्याआधी पुरवठादाराला मागणी जाते. यात चमत्कार काहीही नाही. हिशेब वेळेवर लिहिला जातो, इतकेच.

क्षयरोगाच्या औषधांचा प्रसंग मात्र वेगळा आणि अधिक गंभीर होता. ही औषधे केंद्र सरकार खरेदी करून राज्यांना देते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र लिहून, पुरवठ्यास विलंब होण्याची शक्यता असल्याने तीन महिन्यांसाठी स्थानिक पातळीवर औषधे घ्यावीत असे कळवले. उपचार सहा महिन्यांचे असतात: पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. मध्येच खंड पडला, तर जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. मोठ्या प्रमाणावर केंद्राला माल पुरवणाऱ्या कंपन्यांकडे किरकोळ बाजारासाठी अतिरिक्त साठा क्वचितच असतो. तेव्हा "स्थानिक खरेदी करा" म्हटल्यावर जिल्हा अधिकाऱ्याने ती कोठून करायची, हा प्रश्न उरतोच.

सर्पदंशावरील लस कमी पडते, तेव्हा अडचण कोणाची असते?

अनेकांची. भारतात वापरली जाणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांपासून घोड्यांच्या रक्तद्रवात तयार केली जाते. त्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा भाग तामिळनाडूतील इरुला जमातीच्या, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येतो आणि किती साप पकडायचे याची परवानगी वन विभाग देतो. म्हणजे कोकणातील किंवा मराठवाड्यातील शेतमजुराला मिळणाऱ्या कुपीचे भवितव्य औषध प्रशासनाला ज्याची कल्पनाही नसेल अशा वन्यजीव परवान्यावर अवलंबून असू शकते. बैठकीला कोणाला बोलवायचे, हे औषधागणिक बदलते.

दर्जाचे नियम कडक केले की तुटवडा वाढतो का?

काही काळ वाढू शकतो. २०२२ च्या अखेरीस अमेरिकी तपासणीत गुजरातमधील एका कारखान्यात गंभीर त्रुटी आढळल्यानंतर तेथील उत्पादन थांबले आणि २०२३ मध्ये अमेरिकेत कर्करोगावरील सिस्प्लॅटिनचा तीव्र तुटवडा झाला. तेथील नियामकाने चीनमधील उत्पादकाकडून तात्पुरत्या आयातीला मुभा दिली. जुन्या, स्वस्त इंजेक्शनचे उत्पादक मोजकेच उरले की एका कारखान्याची चूक अख्ख्या देशाला भोवते.

आपल्याकडे उत्पादन पद्धतींचे सुधारित निकष, म्हणजे सुधारित अनुसूची एम, डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाले. २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना सहा महिन्यांची, लहान उद्योगांना एका वर्षाची मुदत होती. पुढे लहान उद्योगांना २०२५ अखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली. दर्जाशी तडजोड करून पुरवठा टिकवणे हा पर्यायच नाही, कारण निकृष्ट औषध हाही एक तुटवडाच आहे, फक्त तो पाकिटात बंद असतो. मात्र कोणता कारखाना सुधारणेसाठी किती काळ बंद राहणार आणि त्या काळात त्याची औषधे कोण बनवणार, याचा तक्ता औषध निरीक्षकाच्या भेटीआधी तयार असायला हवा.

निर्यातबंदी हा उपाय आहे का?

अल्पकाळासाठी, नाइलाज म्हणून. मार्च २०२० मध्ये भारताने पॅरासिटामॉलसह १३ द्रव्ये आणि त्यांपासून बनणाऱ्या औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि त्यांतील बरेचसे महिन्याभरात मागे घेतले. ज्या देशाला स्वतः कच्चा माल बाहेरून आणायचा आहे, त्याने दार लावण्याची सवय करून घेणे शहाणपणाचे नाही.

देशातच कच्चा माल बनवण्याच्या योजनेचे काय झाले?

२०२० मध्ये केंद्राने ४१ उत्पादनांसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना जाहीर केली. तिच्याअंतर्गत आंध्र प्रदेशात काकीनाडा येथे वार्षिक १५,००० टन क्षमतेचा पेनिसिलिन जीचा कारखाना आणि हिमाचल प्रदेशात नालागढ येथे क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचा (अमॉक्सिसिलिनसोबत दिल्या जाणाऱ्या द्रव्याचा) कारखाना उभा राहिला. दोन्हींचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. पिंपरीत सुरू झालेले वर्तुळ काही दशकांच्या अंतराने काकीनाड्याला येऊन जुळले, असे म्हणता येईल. पण आयात माल पुन्हा स्वस्त झाला, तर औषध कंपन्या देशी माल घेतील का, हे अनुदानावर नव्हे, तर खरेदीच्या करारांवर ठरेल.

इतर देशांत काय करतात?

अमेरिकेत २०१२ च्या कायद्यापासून उत्पादन बंद होणार असल्यास किंवा त्यात मोठा खंड पडणार असल्यास कंपनीने आधी कळवावे लागते आणि चालू तुटवड्यांची यादी सर्वांना पाहता येते. युरोपीय संघात २०२२ पासून युरोपीय औषध संस्थेला तुटवड्यांवर लक्ष ठेवण्याचे अधिकृत काम मिळाले. एप्रिल २०२४ मध्ये सदस्य देश, उद्योग आणि नागरी संघटना यांची अत्यावश्यक औषधांसाठी आघाडी सुरू झाली. आपण यातून निदान सार्वजनिक यादी तरी घ्यावी. तिच्यासाठी कारखाना उभारावा लागत नाही.

माझे नेहमीचे औषध मिळत नसेल, तर मी काय करावे?

प्रथम चिठ्ठीवरील ब्रँडचे नाव बाजूला ठेवून औषधाचे मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्यावी व त्या नावाने इतर दुकानांत तसेच जनऔषधी केंद्रात विचारावे. एक कायदेशीर अडचण माहीत असावी: औषध नियमांतील ६५ व्या नियमानुसार अनुसूची एच, एच-१ आणि एक्समधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, औषधांच्या बाबतीत दुकानदाराला चिठ्ठीवरील औषधाऐवजी, त्याच द्रव्याचे असले तरी, दुसरे उत्पादन देता येत नाही. त्यामुळे "तेच आहे, पण देता येत नाही" असे तो म्हणाला, तर तो टाळाटाळ करत असेलच असे नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठी बदलून आणावी. फेपरे, थायरॉइड, लिथियम यांच्या औषधांचा ब्रँड बदलतानाही डॉक्टरांना विचारावेच, आणि मिळत नाही म्हणून ही औषधे किंवा स्टेरॉइड अचानक बंद करू नयेत. सहा महिन्यांचा साठा घरात करून ठेवल्याने शेजारच्या रुग्णाची गोळी आपल्या कपाटात जाते.

तक्रार कोठे करावी आणि तीत काय लिहावे?

राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाचे "फार्मा जन समाधान" हे संकेतस्थळ औषध न मिळणे आणि जादा किंमत या दोन्ही तक्रारींसाठी आहे. प्राधिकरणाचा निःशुल्क क्रमांक १८००-१११-२५५ आहे. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या सहायक आयुक्त कार्यालयात कळवता येते. "औषध मिळत नाही" एवढ्यावर चौकशी पुढे सरकत नाही. औषधाचे मूळ नाव, मात्रा, गोळी की इंजेक्शन, चिठ्ठीवरील कंपनी, किती दुकानांत कोणत्या तारखांना विचारले आणि दुकानदाराने काय कारण सांगितले, हे सर्व लिहावे. जवळ जुने रिकामे पाकीट असेल, तर त्यावरील उत्पादकाचे नाव आणि बॅच क्रमांकही द्यावा, कारण विकणारी कंपनी एक आणि प्रत्यक्ष बनवणारा कारखाना दुसराच, असे अनेकदा असते.